थंडीतला गोड मका : पीक एकाचे, राखण शिवाराची

गेली दोन-तीन वर्षे मका सारखा बातम्यांत आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने घातली आणि कारखानदारांचे लक्ष मक्याकडे वळले. हमीभाव २०२३-२४ साली क्विंटलला २,०९० रुपये होता. पुढच्या वर्षी तो २,२२५ झाला आणि २०२५-२६ साठी २,४०० जाहीर झाला. भाव वाढला तसा देशभर पेराही वाढला. मग २०२५ च्या खरिपाचा माल बाजारात आला तेव्हा कित्येक ठिकाणी हमीभावाच्या खाली सौदे झाले. ही सगळी गडबड घाटावरची आणि परराज्यातली. पण बातमीला पाय फुटतात. आपल्या वसई तालुक्यातही भात कापून झाले की शेतकरी विचारू लागलेत, "साहेब, यंदा वालाऐवजी मका टाकू काय?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र दोन तुकड्यांत द्यावे लागते, कारण मका दोन प्रकारचा आहे.

दाण्याचा मका हा एकरांचा धंदा. आपल्याकडे पूर्वपट्टीत पारोळ, मेढे, भाताणे, शिरवली, सकवार, खानिवडे या बाजूला खातेदाराजवळ एखाद-दोन एकर भातखाचर असते, आणि त्यातले दहा-पंधरा गुंठे असे की जिथे थंडीत पाणी पोचते. पश्चिमेला निर्मळ, गास, भुईगाव, नंदाखाल, आगाशीकडे वाडी आहे, तिथे तर सगळा हिशेब गुंठ्यातच. दहा गुंठ्यांत रब्बीचा दाण्याचा मका चांगला साधला तरी सहा-सात क्विंटल निघणार. सगळा हमीभावाने गेला असे धरले तरी पंधरा-सोळा हजार रुपये, आणि खर्च त्याच्यातच. तेवढ्यासाठी तीन महिने पाणी ओढण्यात अर्थ नाही.

गोड मका, म्हणजे ज्याला सगळे स्वीट कॉर्न म्हणतात, त्याचे गणित निराळे आहे. तो किलोवर नव्हे, कणसावर विकला जातो. दोन ओळींत ६० सेंटिमीटर आणि दोन रोपांत २० सेंटिमीटर अंतर धरले तर दहा गुंठ्यांत साधारण ८,४०० रोपे बसतात. एका रोपाला विकण्याजोगे कणीस एकच धरावे. मर, तूट, पाखरे, अळी यांचा चौथा हिस्सा सोडला तर ६,३०० कणसे हाती येतात. समजा जागेवर पाच रुपयांनी गेली तर साडेएकतीस हजार. स्वतः बसून दहा रुपयांनी विकली तर त्रेसष्ट हजार. हे आकडे नमुन्याचे आहेत, भाव रोज बदलतो. पण एक कणीस तीन रुपयांना जाणार की दहाला, हे बियाण्यावर फारसे अवलंबून नाही. ते कापणीच्या दिवसावर आणि तुमच्या शेजाऱ्यावर अवलंबून आहे. शेजाऱ्याचे नाव का घेतले ते पुढे येईल.

आधी थंडीचे बघू. स्वीट कॉर्न थंड हवेत कसा करावा यावर बाहेरच्या देशांत पुष्कळ लिहिले गेले आहे, पण ते वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. इंग्लंडमध्ये लोक एप्रिलात काचघरात कुंड्यांमध्ये बी टाकतात, गारठा गेल्यावर मेअखेर-जूनमध्ये रोपे बाहेर लावतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात कणसे मोडतात. त्यांचा जुलै म्हणजे दिवसा तेवीस-चोवीस अंश, रात्री चौदा-पंधरा. आपल्या वसईत डिसेंबर-जानेवारीत रात्र साधारण तेवढ्यावर किंवा थोडी वर असते, दिवस मात्र तिशीच्या आसपास. म्हणजे आपला हिवाळा हा त्यांच्या उन्हाळ्यापेक्षाही उबदार. तेव्हा थंडीने आपले पीक मरणार नाही. उलट दिवसा ऊन आणि रात्री गारवा असला की कणसात साखर चांगली साठते. खरिपातला मका गोडीला थोडा फिका लागतो, त्याला ढगाळ हवा आणि पाऊस हेच कारण.

थंडीचा त्रास होतो तो उगवणीला. गोड मक्याचे बी हातात घेऊन बघा, सुरकुतलेले असते. दाण्यात साखरेचे पिठात रूपांतर होऊ न देणारा गुण त्याच्यात निसर्गतःच आलेला आहे. (काही जण विचारतात म्हणून सांगतो, हे जनुक बदललेले, म्हणजे जीएम बियाणे नव्हे. तसला मका लावायला आपल्या देशात परवानगीच नाही.) पीठ कमी, म्हणजे कोंबाला शिदोरी कमी. जमीन गार असली की कोंब अर्ध्या वाटेत दम तोडतो आणि बी कुजते. नेहमीचा मका पाच-सहा दिवसांत वर येतो, हा थंडीत आठ-दहा दिवस घेतो. म्हणून बी दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा खोल टाकू नये. ओलाव्यावर टाकावे, चिखलात नाही. रात्रभर भिजत घालण्याची सवयही इथे नडते. बी एकदम पाणी पिऊन फुटते.

यावर सोपा इलाज रोपे करून लावणे हा आहे. इंग्लंडचा माळी कुंडीत रोप करतो तो गारठ्याला भिऊन. आपण करायचे ते दुसऱ्याच कारणासाठी, आपले खाचर मोकळे नसते म्हणून. भात शेतात उभे असतानाच घराच्या अंगणात प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये कोकोपीट भरून बी टाकावे. ट्रे नसतील तर पळसाच्या पानांचे द्रोण किंवा कागदी पेले चालतात, खाली एक भोक पाडायचे एवढेच. दहा-बारा दिवसांचे, दोन-तीन पानांचे रोप मुळाच्या गड्ड्यासकट लावायचे. त्याहून मोठे होऊ देऊ नये, मक्याच्या मुळाला हलवलेले सोसत नाही. यात दहा-बारा दिवस हाती लागतात, आणि हे दिवस आपल्याकडे सोन्यासारखे आहेत.

का, तर मार्च उजाडला की ऊन चटकायला लागते. पारा पस्तीसच्या वर गेला की तुऱ्याचे पराग सुकतात, कणीस अर्धे रिकामे राहते. दाणा एका दिवसात दुधाचा पिठाळ होतो. म्हणजे कणसे फेब्रुवारीपासून मार्चच्या मध्यापर्यंत निघाली पाहिजेत. थंडीत हे पीक ८५ ते ९५ दिवस घेते. मागे मोजत या, लागण १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या महिन्यात झाली पाहिजे. ज्यांचे भात गरवे, स्वर्णासारखे, त्यांचे खाचर मोकळे व्हायलाच नोव्हेंबर संपतो. स्वीट कॉर्नचा विचार असेल त्याने त्या दहा गुंठ्यांपुरते तरी कर्जत-१८४, कर्जत-३ असे हळवे वाण जूनमध्येच निवडावे. पाऊसही आता पूर्वीसारखा वेळ पाळत नाही. २०२५ साली २६ मे रोजीच मुंबईत मोसमी पाऊस आला आणि ऑक्टोबरच्या शेवटी, ऐन कापणीत, कोकणभर भात भिजवून गेला. अशा वर्षी अंगणातली रोपे उपयोगी पडतात. सगुणा राईस तंत्राने गादीवाफ्यावर भात करणारे काही शेतकरी आहेत. त्यांना तर नांगरटही करावी लागत नाही. भात कापले की त्याच गादीवर रोप लावता येते.

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा हिशेब. दहा गुंठे एकाच दिवशी लावले तर ६,३०० कणसे सहा-सात दिवसांत तयार होतात. रोज नऊशे ते हजार. एवढी कणसे घरच्या माणसाने विकणे शक्य नाही. मग व्यापाऱ्याला फोन जातो. व्यापारी येतो, शेतावर उभा राहतो, आणि त्याला ठाऊक असते की हा माल आणखी तीन दिवसांत जून होणार. भाव तोच ठरवतो. पारोळच्या पलीकडे एका शेतकऱ्याने मला सांगितले, "दोन दिवस त्याची वाट बघितली, तिसऱ्या दिवशी तो म्हणाला तेवढ्याला दिले." तीन रुपये भाव मिळाला आणि हजार-दीड हजार कणसे जून होऊन म्हशींपुढे गेली, तर उरतात जेमतेम पंधरा हजार. म्हणजे दाण्याचा मकाच केल्यासारखे झाले, वर बियाणे महागाचे.

म्हणून दहा गुंठ्यांचे पाच तुकडे करावेत. दोन गुंठ्यांत सुमारे १,७०० रोपे, विकण्याजोगी कणसे १,२५० ते १,३००, सहा-सात दिवसांत वाटून रोज दोनशेच्या आसपास. दोनशे कणसे म्हणजे साठ-सत्तर किलो. नवरा-बायको मिळून हा माल नेऊ शकतात आणि विकू शकतात. पुढचा तुकडा कधी लावायचा? कॅलेंडर बघून आठ-आठ दिवसांनी लावले तर फसगत होते. नोव्हेंबरात रोप झपाट्याने वाढते, डिसेंबरात रखडते, आणि उशिराचे तुकडे फेब्रुवारीच्या उन्हात धावत येऊन आधीच्याला गाठतात. त्यापेक्षा आधीच्या बियाला तीन पाने आली की पुढचे बी टाकावे. थंडीचा हिशेब रोप आपोआप ठेवते. बियाणे एका तुकड्याला पाव किलोच्या आत लागते, दहा गुंठ्यांना एक ते सव्वा किलो. संकरित बियाणे किलोला हजारांच्या घरात जाते, तेव्हा पुडी फोडण्याआधी वाणाची पक्की पावती घ्यावी. राहुरी विद्यापीठाचे फुले मधू, हैदराबादकडची जुनी माधुरी, प्रिया हे सुधारित वाणही आहेत. कोणते मिळेल ते कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा पालघरच्या कृषी संशोधन केंद्रावर विचारून घ्यावे.

तुकडा चौकोनी असावा हे सांगायचे राहिले. बांधाच्या कडेने एक-दोन ओळी मका लावण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती गोड मक्याला चालत नाही. तुऱ्याचे पराग वाऱ्याने कणसाच्या केसांवर पडायला हवेत. एक केस म्हणजे एक दाणा. लांबट पट्टीत पराग शेजारच्या शेतात उडून जातात आणि कणीस दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखे होते. गिऱ्हाईक कणीस सोलून बघते, आणि ठेवून देते.

खताचे थोडक्यात. मका खादाड आहे. दहा गुंठ्यांना गाडीभर कुजलेले शेणखत, लावताना १५:१५:१५ खत सुमारे ४० किलो, आणि युरिया १३-१४ किलो दोन हप्त्यांत, अर्धा पीक गुडघ्याला लागल्यावर आणि अर्धा तुरा डोकावण्याआधी. माती परीक्षण झाले असेल तर त्याप्रमाणे कमी-जास्त करावे.

आता शेजाऱ्याकडे येऊ. वसई पूर्वेला आणि महामार्गालगत म्हशींचे तबेले आहेत. त्यांच्यासाठी काही जण आफ्रिकन टॉल हा चाऱ्याचा मका करतात. तो उंच असतो आणि पराग भरपूर सोडतो. तुमचा गोड मका केसांवर असताना शेजारचा चारा-मका तुऱ्यावर असला की त्याचे पराग तुमच्या कणसावर बसतात, आणि दाणा त्याच हंगामात पिठाळ, चिवट होतो. बियाणे कितीही उंची घ्या, काही उपयोग नाही. दोहोंत २५०-३०० मीटर अंतर पाहिजे, नाही तर लागणीत तीन आठवड्यांचा फरक पाहिजे. पाच-पाच गुंठ्यांच्या शिवारात २५० मीटर अंतर कुणाच्या बापाला मिळणार? तेव्हा बोलणे करूनच तारखा ठरवाव्या लागतात. दोन शेजाऱ्यांनी दोन वेगळ्या जातींचा गोड मका लावला तरी दोघांचीही गोडी बिघडू शकते. एका शिवारात एकच वाण आणावे हे बरे.

दुसरी गोष्ट गुरांची, आणि ती खरी अडचण आहे. दिवाळीनंतर भाते निघाली की गुरे मोकळी सोडण्याची आपल्याकडे रीत आहे. सगळे शिवार भात-वालाचे होते, दोन-चार जणच हिरवे काही करत, तेव्हा ती रीत चालून गेली. आज तीच रीत दुसऱ्या पिकाच्या मुळावर आली आहे. पाणी आहे, माणूस तयार आहे, पण कुंपणाला दहा हजार घालायचे कुठून? म्हणून जमीन पड. मी ज्या गावांत फिरतो तिथे रब्बी का करत नाही विचारले तर पाण्याच्या आधी गुरांचेच नाव निघते. "भाऊसाहेब, तुम्ही योजना आणता, पण गाय कुणाची तेच कुणी सांगत नाही," असे एका काकींनी ग्रामसेवकांना भर सभेत ऐकवले होते.

हे काम कृषी खात्याच्या आवाक्यातले नाही, गावाच्या आहे. कोंडवाडा हा ग्रामपंचायतीचा अधिकार आहे, आणि त्यामागे १८७१ पासूनचा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा उभा आहे. बहुतेक गावांत कोंडवाड्याची जागा नकाशावर आहे, दार मात्र मोडलेले. पूर्वपट्टीतील जी गावे पेसा क्षेत्रात येतात तिथे तर पाड्याची ग्रामसभाही हा ठराव घेऊ शकते. पण नुसत्या दंडाने गावात भांडणे लागतील. ज्याच्याजवळ दोन गुरे आणि शून्य पाणी, त्याने गुरे बांधून घालायची तर त्यांना खायला काय? इथे गोड मक्याचाच उपयोग होतो. कणीस मोडले तेव्हा ताट हिरवेगार असते. दहा गुंठ्यांतून दोन-अडीच टन ओला चारा निघतो. तबेलेवाला तो घ्यायला येतोच, पण त्यातला हिस्सा गुरे बांधणाऱ्या शेजाऱ्याला द्यायचा आणि बदल्यात शेणखत घ्यायचे, असे ठरले तर ठराव कागदावर राहणार नाही. पाच तुकडे पुढेमागे लावलेले असले की चाराही महिनाभर मिळत राहतो.

रानडुकरांचे आणि माकडांचे मात्र ग्रामसभेत ठरवून भागत नाही. तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या शेतकऱ्याने एकट्याने दोन गुंठे मका केला तर तो जंगलाचाच घास. चार-पाच जणांनी लागून-लागून केला तर राखण वाटून घेता येते. नुकसान झाले तर तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज देऊन पंचनामा करून घ्यावा. चौथ्या दिवशी गेलेल्याचे कुणी ऐकत नाही.

पाण्याचे बोलताना हात आखडता घ्यायला हवा. या पिकाला हंगामभर साधारण ४०० मिलिमीटर पाणी लागते. दहा गुंठ्यांना ते चार लाख लिटर होते, वसईच्या भाषेत दहा हजारी चाळीस टँकर. वालाला यातले जवळजवळ काहीच लागत नाही, तो भाताच्या ओलीवर येतो. म्हणून ज्याची विहीर जानेवारीत तळ दाखवते त्याने गोड मक्याच्या नादाला लागू नये, त्याने कडवा वालच करावा. तोही काही वाईट विकत नाही. तुरा पडण्यापासून दाण्यात दूध भरेपर्यंतचे तीन आठवडे पाणी चुकले तर आधीची सगळी पाणी पाळी फुकट जाते, एवढे हे पीक त्या बाबतीत नाजूक आहे. ठिबक असेल तर पाणी बरेच वाचते. अल्पभूधारकाला केंद्राचे ५५ टक्के आणि राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून पूरक २५ टक्के, मिळून ८० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. मात्र एप्रिल २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, असल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. ज्यांचे सातबारे अजून आजोबांच्या नावावर आहेत ते इथेच अडकतात, आणि असे खातेदार पूर्वपट्टीत पुष्कळ आहेत. वारसनोंदींचे शिबिर पाड्यावर लावले तर ठिबकापेक्षा मोठे काम होईल.

पश्चिमेच्या वाडीवाल्यांना वेगळे सांगायचे आहे. तिथे गुरांचा त्रास कमी, पण विहिरी मचूळ होत चालल्या आहेत. टँकरने पाणी उपसण्याविरुद्ध १९९० च्या आगेमागे हरित वसईच्या लोकांनी केवढे रान उठवले होते, ते आज साठीच्या माणसांना आठवत असेल. बावखले बुजली, उपसा वाढला, खारे पाणी आत आले. मका मचूळ पाण्यावर साथ देत नाही. पानांच्या कडा करपतात आणि कणीस आखूड राहते. वाडीवाल्याने पाणी तपासूनच उतरावे.

पूर्वेला उलट गंमत आहे. उसगाव आणि पेल्हारची धरणे या पट्टीत, पाणी शहराला. सूर्या योजनेचे १८५ दशलक्ष लिटर पाणी २०२३ च्या शेवटी वसई-विरार शहराला मिळू लागले. शहराची तहान भागायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण ओढ्याचे जे पाणी नोव्हेंबरात खाडीला जाते ते तरी गावाने धरावे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून घातलेला वनराई बंधारा एका दिवसाच्या श्रमदानात होतो. फक्त तो पाऊस ओसरताच, ओढा वाहता असताना घालायला हवा. डिसेंबरात फोटोसाठी घातलेले बंधारे मी पाहिले आहेत. त्यात अडवायला पाणीच नसते.

अळीचे सांगितल्याशिवाय मक्याचा लेख पुरा होत नाही. अमेरिकन लष्करी अळी मे २०१८ मध्ये कर्नाटकात पहिल्यांदा सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके, ही तिची खूण. ती पोंग्यात बसून खाते. गोड मक्याच्या बाबतीत एक नियम पाळावा, जे काय करायचे ते पीक कमरेला लागायच्या आत. एकरी पाच कामगंध सापळे, उगवल्यापासून आठवड्यातून दोनदा पोंगे बघणे, अंडीपुंज दिसले की चिरडणे, पोंग्यात चिमूटभर बारीक माती किंवा राख टाकणे, आणि १५०० पीपीएमचे निंबोळी अर्क १० लिटर पाण्याला ५० मिली. दोन गुंठ्यांच्या तुकड्यात हे हाताने होते, हाही तुकड्यांचा फायदा. तरी आवरली नाही तर इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के, १० लिटरला ४ ग्रॅम, एकदा. तुरा आल्यानंतर रासायनिक फवारा मारू नये. हे कणीस लोक दुसऱ्याच दिवशी पोरांच्या हातात देणार आहेत.

विक्रीत आपला खरा जोर आहे. मुंबईला स्वीट कॉर्न घाटावरून ट्रकने येतो. तोडल्यापासून गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत त्याचे दीड-दोन दिवस जातात. कणीस मोडल्याक्षणी त्यातली साखर उतरू लागते. जुन्या गोड जातींत ३० अंशांच्या उन्हात एका दिवसात निम्म्याहून जास्त साखर जाते. नवीन अतिगोड जाती दम धरतात, पण उन्हात ठेवलेला माल त्यांचाही फिका पडतो. विरारहून चर्चगेट साठ किलोमीटर. पहाटे मोडलेले कणीस सकाळी आठला बोरिवली-दादरला पोचू शकते. वसईच्या भाजीवाल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या लोकलच्या लगेज डब्यातून भाजी नेत आल्या आहेत, त्यांची गिऱ्हाइके ठरलेली आहेत. पूर्वपट्टीच्या शेतकऱ्याने त्यांच्याशी जोडून घ्यावे. शनिवार-रविवारी अर्नाळा, राजोडी, कळंबच्या किनाऱ्यावर आणि जीवदानीच्या पायथ्याशी भाजलेले कणीस खाणारे कमी नसतात. तिथे भाजून विकणाऱ्याला रोजची पन्नास ताजी कणसे ठरवून दिली तर तो दर आठवड्याला भाव पाडत नाही, त्यालाही ताज्या मालाची गरज असते.

मोडायचे कधी? केस सुकून तपकिरी झाले की वरची पाने जरा उकलून दाण्याला नख लावावे. पाणी निघाले तर कच्चे, दूध निघाले तर तयार, कणीक निघाली तर गेले. केस दिसल्यापासून थंडीत वीस-बावीस दिवसांनी ही वेळ येते. उन्हे वर यायच्या आत मोडावे, ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवावे, ढीग मारू नये. ढिगात कणसे आतून तापतात.

शेवटी नोंदीचे. ई-पीक पाहणीत रब्बीचे पीक साधारण डिसेंबर-जानेवारीत भरायचे असते. दोन गुंठे आहेत म्हणून कुणी भरत नाही, आणि सातबाऱ्यावर रब्बीला ते गट पड दिसतात. नुकसानीचा पंचनामा निघाला की मग धावपळ होते. शिवाय हा तालुका रोज कुठल्या ना कुठल्या आखणीत येतो आहे. बुलेट ट्रेन झाली, विरार-अलिबाग मार्ग झाला. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने एकाहून जास्त पिके देणाऱ्या ओलिताच्या जमिनीला थोडे संरक्षण दिले आहे. रेल्वे, महामार्ग अशा सरळ रेषेत जाणाऱ्या कामांना ते लागू नाही, हेही खरे. पण जिथे लागू आहे तिथे जमीन दुपिकी असल्याचा पुरावा कागदच देणार. तलाठी तात्यांनी आणि आमच्या कृषी सहायकांनी खाचराच्या बांधावर उभे राहून, शेतकऱ्याच्या मोबाइलवरून, पाच मिनिटांत हे काम करून द्यावे.

गुरे बांधण्याचा ठराव, शिवारात एक वाण आणि लागणीच्या तारखा, बंधाऱ्याचा दिवस, या गोष्टी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत निघाल्या तरच उपयोग आहे. त्यानंतर कापणी सुरू होते, दिवाळी येते, आणि दिवाळीनंतर गुरे सुटलेली असतात. ट्रेमध्ये पहिले बी टाकायचे ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात.